सही नाकारली, तर मतं जातात का?

प्रश्न: ताई, माझी तेहतीस वर्षं शाळेत गेली आणि त्या काळातल्या जवळपास प्रत्येक निवडणुकीला माझी ड्यूटी लागली. केंद्राध्यक्ष म्हणून मतदान संपल्यावर नमुना १७ सी, म्हणजे पडलेल्या मतांचा हिशेब, भरायचा, एजंटांच्या सह्या घ्यायच्या, यंत्रं सील करून रात्री जमा करायची, हे सगळं मला पाठ आहे. मोजणी झाली की निवडणूक निर्णय अधिकारी निकाल जाहीर करतात, विजयी उमेदवाराला प्रमाणपत्र देतात, विषय संपला. माझा मुलगा ॲरिझोनात असतो. तो सांगतो की तिथे मोजणीनंतर काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, सदस्यांची बैठक होते, ते हात वर करून निकाल मंजूर करतात आणि कधी कधी नाकारतातसुद्धा. पक्षाचीच माणसं सही करायला बसवली तर कसं व्हायचं? आणि त्यांनी नाही म्हटलं, तर माझ्या मुलाचं मत वाया जातं का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, तासगाव

उत्तर: सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. खाली ज्या प्रकरणांबद्दल लिहिते आहे, त्या सगळ्यांत शेवटी सही झाली आणि मतं धरली गेली. पण प्रत्येक वेळी ती आपसूक झाली नाही, म्हणून तुमची काळजी मला खोटी वाटत नाही.

मी मिशिगनमध्ये, वेन काउंटीतल्या कॅन्टन गावात राहते. २०१८पासून प्रत्येक निवडणुकीला मतदान केंद्रावर काम करते. माझे वडील तलाठी होते. निवडणुकीच्या आदल्या दिवशी ते पेटी घेऊन एसटीने निघायचे आणि दुसऱ्या रात्री परत यायचे, ते ताळा जुळल्याशिवाय जेवायचे नाहीत. त्यांचा तो ताळा मी इथे जुळवते.

इथे आपल्यासारखा देशभरची निवडणूक घेणारा आयोग नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. मिशिगनमध्ये ८३ काउंट्या आणि दीड हजाराच्या आसपास गावं-शहरांचे क्लार्क मिळून निवडणूक पार पाडतात. मतदानानंतर प्रत्येक काउंटीत चार जणांचं मंडळ बसतं, त्यांना कॅनव्हासर म्हणतात. दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. पक्षाची माणसं मुद्दामच बसवलेली असतात, एकाने दुसऱ्याच्या आकड्यावर नजर ठेवावी म्हणून. चौदा दिवसांच्या आत केंद्राकेंद्राचे कागद तपासायचे, बेरजा पडताळायच्या आणि सही करायची, एवढंच त्यांचं काम.

त्यांच्यापुढे कसले कागद येतात, ते एका रात्रीवरून सांगते. आमचं केंद्र एका प्राथमिक शाळेच्या जिममध्ये असतं. सकाळी सातला सुरू होतं, रात्री आठला बंद. त्या दिवशी शेवटचा मतदार गेल्यावर आकडे पाहिले, तर नोंदवहीत ७४३ नावं आणि यंत्राच्या कागदी पट्टीवर ७४२ मतं. एका मताचा फरक. आम्ही मतदारांच्या सह्यांचे अर्ज पन्नास-पन्नासच्या गठ्ठ्यांनी दोनदा मोजले. ७४३च. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमचे प्रमुख होते. मतपत्रिका झाकून न्यायला आम्ही पुठ्ठ्याची पाकिटं देतो, त्यांचा ढीग त्यांनी पुढ्यात ओढला आणि एकेक पाकीट उलटं धरून झटकायला लागले. साधारण साठाव्या पाकिटातून मतपत्रिका खाली पडली. निळ्या शाईने सगळे गोल नीट भरलेले. कुणीतरी मत दिलं, पण यंत्रात न घालताच ते पाकीट टेबलावर ठेवून गेलं होतं.

मतदार निघून गेलेला, त्यामुळे ते मत आम्हाला मोजता येत नव्हतं. ते लिफाफ्यात घातलं, शेऱ्याच्या रकान्यात काय झालं ते लिहिलं, दोन्ही पक्षांच्या माणसांनी सह्या केल्या. मला रात्रभर ते निळे गोल दिसत होते. फरक मात्र कागदावर तसाच राहिला, ७४३ आणि ७४२. शेरा न वाचता नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटणार की इथे काहीतरी गडबड आहे.

आता २०२०ची अध्यक्षपदाची निवडणूक. १७ नोव्हेंबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, आमच्या वेन काउंटीच्या मंडळात दोन विरुद्ध दोन झालं. दोघा रिपब्लिकन सदस्यांचं म्हणणं असं, की डेट्रॉइटच्या बऱ्याच मोजणी टेबलांचा ताळा बसत नाही. ते खरं होतं. पण एकेका टेबलाचा फरक बहुतेक ठिकाणी दोन-चार मतांचा. शहरभरचा फरक काहीशे मतांचा, आणि राज्यातलं बायडन यांचं मताधिक्य दीड लाखाहून जास्त. शिवाय असाच फरक शेजारच्या लिव्होनियातही होता. असं असताना डेट्रॉइट सोडून बाकीच्या गावांचा निकाल मंजूर करू, अशी भाषा तिथे झाली. डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, लिव्होनिया बहुतांशी गोऱ्यांचं. हे मी आजही विसरू शकत नाही.

काउंटीत साडेआठ लाखांहून जास्त मतं पडली होती. त्यांत माझं, माझ्या नवऱ्याचं आणि पहिल्यांदाच मत दिलेल्या माझ्या मुलीचं मत होतं. बैठक झूमवर होती आणि आम्ही तिघं स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसलो होतो. तासन्‌तास सामान्य माणसं एकामागून एक बोलत राहिली. शेवटी त्याच रात्री चौघांनीही मंजुरी दिली. पुढे त्या दोघा रिपब्लिकन सदस्यांनी आपली संमती मागे घेतो अशी प्रतिज्ञापत्रं केली, पण एकदा दिलेली मंजुरी तशी मागे घेता येत नाही. २३ नोव्हेंबरला राज्याच्या मंडळापुढे प्रश्न आला. तिथेही दोन-दोन सदस्य. रिपब्लिकन पक्षाचे ॲरन व्हॅन लँगेव्हेल्ड यांनी कायद्याने आपलं कर्तव्य स्पष्ट आहे असं सांगून बाजूने मत दिलं. एक सदस्य तटस्थ राहिले आणि निकाल तीन-शून्यने मंजूर झाला. व्हॅन लँगेव्हेल्ड यांना त्यांच्या पक्षाने पुन्हा त्या जागेसाठी सुचवलं नाही. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

तुमच्या मुलाच्या ॲरिझोनातलं उदाहरण तर अजून बोलकं आहे. २०२२मध्ये कोचीस काउंटीच्या तिघांपैकी दोघा सदस्यांनी २८ नोव्हेंबरची मुदत उलटू दिली. ४७,०००च्या आसपास मतं अधांतरी राहिली. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगते: ती काउंटी रिपब्लिकन मतांची, आणि तिथल्या अमेरिकी संसदेच्या एका जागेवर रिपब्लिकन उमेदवार सुमारे ५,२०० मतांनी जिंकले होते. ही मतं धरली नसती तर सही टाळणाऱ्या या दोघांच्याच रिपब्लिकन पक्षाची जागा गेली असती. १ डिसेंबरला कोर्टाने आजच्या आज सही करा असा हुकूम दिला आणि दोन-शून्यने मंजुरी झाली, तिसरे सदस्य आलेच नाहीत. सही टाळणाऱ्यांपैकी एकीने २०२४मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. २०२२च्याच जूनमध्ये न्यू मेक्सिकोतल्या ओटेरो काउंटीत असंच झालं. तिथेही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सही झाली, तीही दोन विरुद्ध एक. विरोधात राहिलेल्या सदस्याने पुरावा काही नाही, मला आतून तसं वाटतं, एवढंच कारण दिलं.

सर, माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं. ती सही म्हणजे निकाल आवडल्याची पावती नव्हे. वर आलेले आकडे तपासून बेरीज केली, असं सांगणारी ती सही आहे. तुम्ही १७ सी वर सही करताना कोण निवडून यावं याचा विचार केला होता का? शंका असेल तर फेरमोजणी आहे, कोर्ट आहे. आपल्याकडेही ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते. २०२४च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांवर लागला, प्रमाणपत्र दिलं गेलं आणि वाद त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात लढला गेला. तोच रस्ता आहे. आणि सही करणाऱ्याने आपली मर्जी चालवली तर काय होतं, ते आपण जानेवारी २०२४मध्ये चंडीगडच्या महापौर निवडणुकीत पाहिलं. ३६ मतांतली ८ मतं पीठासीन अधिकाऱ्याने बाद ठरवली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका मागवून स्वतः पाहिल्या आणि निकाल फिरवला.

मिशिगनने २०२२मध्ये जनमत घेऊन आपल्या राज्यघटनेतच लिहून टाकलं, की कॅनव्हासरांना सही करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार नाही. तरी मे २०२४मध्ये आमच्याच राज्यातल्या डेल्टा काउंटीत दोघे अडून बसले होते, राज्याने पत्र पाठवून कायदा दाखवल्यावर त्यांनी सही केली. तेव्हा मुलाला सांगा, काउंटीच्या बैठका सगळ्यांना खुल्या असतात. मुदतीच्या दिवशी एक तास काढून त्याने जाऊन बसावं.

प्रश्न: मला यंदा नागरिकत्व मिळालं. मतदान केंद्रावर काम करायची फार इच्छा आहे, पण नवरा म्हणतो, या भानगडीत पडू नकोस, लोक धमक्या देतात. काय करू?
— एक वाचक, नोव्हाय, मिशिगन

उत्तर: तुमच्या मिस्टरांची भीती निराधार नाही. जॉर्जियातल्या रूबी फ्रीमन आणि शे मॉस या मायलेकी तुमच्या-माझ्यासारख्याच मतमोजणीला बसल्या होत्या. त्यांच्यावर खोटे आरोप झाले, धमक्यांमुळे आईला घर सोडावं लागलं. डिसेंबर २०२३मध्ये ज्यूरीने त्यांना १४.८ कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली, पण आधीची ती वर्षं कोण परत देणार?

तरीही या, असंच मी म्हणेन. इतक्या वर्षांत माझ्या केंद्रावर मला दोन-तीनदाच चढ्या आवाजाला तोंड द्यावं लागलं, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या पक्षाचा सहकारी उठून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. आधी मतदार म्हणून नाव नोंदवा, मग शहराच्या क्लार्ककडे अर्ज द्या. अर्जात पक्ष लिहावा लागतो, त्याला बिचकू नका, दोन्ही बाजूंची माणसं जोडीने बसवायची असतात म्हणून विचारतात. प्रशिक्षण होतं, मानधन मिळतं. घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल असेल तर तेही हे काम करू शकतं. पहाटे सहाला पोचावं लागतं आणि रात्री ताळा जुळेपर्यंत निघता येत नाही, तेव्हा दोन वेळचा डबा सोबत न्या. आणि संध्याकाळी पुठ्ठ्याची ती पाकिटं गोळा करताना प्रत्येकात हात घालून बघा.