लेकीच्या हाताला लागेल असं घर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. लेक अडीच वर्षांची झाली, प्रत्येक कामात ‘मी, मी’ करत पुढे येते, तिच्यासाठी घर कसं लावू, असं विचारलंस आणि सोबत फर्निचरचे फोटो पाठवलेस. बुटका पलंग, ओट्याशी उभं राहायचा तो लाकडी मनोरा, पुस्तकांचं छोटं कपाट. सुबक आहे सगळं. पण इतक्यात ऑर्डर देऊ नकोस. सोलापूरच्या साखर पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत एवढं सामान आलं तर लेकीलाच पाय ठेवायला जागा उरायची नाही, आणि तुला जे हवंय ते त्या सामानातून मिळेलच असंही नाही.

इतकी वर्षं बालवाडीत काढल्यावर मला एकच कसोटी खरी वाटते. घरातलं एखादं काम मुलाला कुणालाही हाक न मारता सुरू करता येतं का, आणि ते संपवता येतं का? तहान लागली की भांडं सापडलं पाहिजे, पाणी घेता आलं पाहिजे, सांडलं तर फडकं हाताशी पाहिजे, आणि भांडं परत ठेवायला ठरलेली जागा पाहिजे. यातलं एकही वर राहिलं, म्हणजे फुलपात्र फ्रीजवर असलं, की ‘बाबा, दे’ सुरू झालंच. म्हणून आधी एक काम निवड आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत तिच्या उंचीवर आण. ते तिच्या अंगवळणी पडलं की मग दुसरं.

त्यासाठी एकदा दोन्ही खोल्यांतून गुडघ्यांवर फिरून बघ. तुझी लेक आता तीन फुटांच्या आसपास असेल. तेवढ्या उंचीवरून बेसिनची फक्त खालची बाजू दिसते, आरसा दिसतच नाही, खुंट्या छताला टेकल्यासारख्या वाटतात. आपली जुनी घरं या बाबतीत मुलांच्या बाजूची होती. चूल जमिनीवर, बसायला पाट, मोरी खाली, भिंतीत कोनाडे. पुढे ओटा आला, बायकांच्या पाठीला आराम मिळाला, ते व्हायलाच हवं होतं. फक्त मूल मात्र खालीच राहिलं.

ही सगळी श्रीमंतांची थेरं आहेत असं तुझे वडील म्हणाले, तर त्यांना सांग की याची सुरुवात कामगार वस्तीत झाली. इटलीच्या डॉक्टर मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालघर उघडलं. आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं मागे एकटी, अशी ती मुलं होती. बाईंनी त्यांच्यासाठी मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या करून घेतली, कपाटं बुटकी केली, आणि हात धुणं, झाडणं, बटणं लावणं ही रोजची कामंच शिक्षणात आणली. आपल्याकडे गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. तिथे महागडी साधनं परवडणारी नव्हती. पानं, बिया, खडे, माती हीच त्यांची साधनं झाली, आणि त्यांचं काही अडलं नाही.

आपल्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या आयांच्या घरी मी पुष्कळदा बसलेय. आईच्या मांडीवर सूप, दोन्ही हात पानात गुंतलेले. उठणं परवडत नाही, म्हणून पोराची ताट-वाटी खाली खोक्यात ठेवलेली असते, आणि तीन वर्षांचं पोर आपलं आपण घेऊन खातं. तिथे ते गरजेपोटी होतं आणि त्याचा भारही मुलावर पडतो, हे मी विसरत नाही. तुझ्याकडे तेच सवडीने, लाडाने होऊ शकतं.

तू पाण्यापासून सुरुवात कर. आपल्या गावात नळाला रोज पाणी कुठे येतं? त्यामुळे पाण्याचं मोल मुलाला फार लवकर कळतं, आणि पाणी जपून ओतायला शिकण्यात त्याला खरा अभिमान वाटतो. तोटी असलेला दोन-तीन लिटरचा स्टीलचा डबा आण आणि भिंतीला लागून पक्क्या चौरंगावर ठेव. तो अर्धाच भर, म्हणजे तोटी उघडी राहिली तरी घरात तळं व्हायचं नाही. तोटीखाली एक थाळी, शेजारी एकच फुलपात्र. काठ बाहेर वळलेलं घे, छोट्या हाताला ते धरायला सोपं जातं. चौरंगाच्या बाजूला खुंटीवर एक नॅपकिन. आपल्या सोलापुरी टॉवेलच्या दुकानात हातरुमालाच्या मापाचे मिळतात, ते चांगलं पाणी टिपतात आणि तिला पिळताही येतात. मोठा पंचा देऊ नकोस, ओला झाल्यावर तो तिला उचलायचा नाही.

मग तिला एकदा करून दाखव, आणि दाखवताना बोलू नकोस. तुझं तोंड चालू असलं की ती तोंडाकडे बघते, हातांकडे बघत नाही. तोटी हळू फिरव, फुलपात्र अर्धं भरल्यावर थांब, तोटी बंद कर, बसून पी, फुलपात्र पालथं ठेव, थाळीतले थेंब टिप. आता तिची पाळी. बालवाडीत पहिल्यांदा पाणी घेणारं मूल मला ओळखू येतं. जिभेचं टोक बाहेर, खांदे वर, नजर पाण्याच्या चढत्या कडेवर. तेवढ्यात कुणी ‘सांभाळ हं’ म्हटलं की त्याचा हात हमखास हलतो आणि पाणी सांडतं. तू गप्प बस. पाणी सांडलंच तर नॅपकिनकडे नुसती नजर टाक. तिने पुसल्यावर फरशी ओलसर राहिली असेल तर तिच्यासमोर पुन्हा पुसू नकोस, ती खेळायला गेल्यावर पूस. तिने केलेलं काम तू लगेच पुन्हा केलंस, तर आपलं काम खोटं होतं एवढंच ती त्यातून शिकते.

पाण्याची दुसरी बाजू मात्र कडक आहे, आणि तिथे मी तुला मोकळीक देणार नाही. पाणी साठवायचं म्हणून आपल्या घरोघरी पिंपं, बॅरल, जमिनीतल्या टाक्या आणि भरलेल्या बादल्या असतात. या वयात मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. बादलीत डोकावताना तोल गेला तर त्याला पुन्हा वर येता येत नाही, चार-सहा इंच पाणीही जिवावर बेततं, आणि बुडणारं मूल ओरडत नाही. बॅरलला आट्याचं झाकण हवं. जमिनीतल्या टाकीच्या झाकणाला कडी आणि कुलूप हवं, नुसता पत्रा आणि वर दगड चालणार नाही. वापरून झालेली बादली पालथी घालायची. मोरीच्या दाराला बाहेरून, वरच्या बाजूला कडी लाव. बादलीत रॉड टाकून पाणी तापवत असाल तर तेही सोड, कारण त्या बादलीत चटका आणि शॉक दोन्ही आहेत. कूलरचंही तसंच. उन्हाळ्यात पत्र्याच्या कूलरला मूल ओल्या हाताने चिकटून उभं राहतं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, आणि पाणी भरताना प्लग काढलेला असू दे.

बाकी जे कुलपात हवं ते थोडक्यात सांगते. औषधं, उंदराचं औषध, फिनेल, संडास धुण्याचं अ‍ॅसिड, आणि रिमोटमधले, खेळण्यांतले बटणासारखे सेल. ते सेल गिळले गेले तर थोड्या तासांत अन्ननलिका जाळतात. फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय घरात कुणाला असेल तर ती आधी मोड. उभं कपाट भिंतीला क्लॅम्पने आवळून घे, मुलं कप्प्यांवर पाय ठेवून चढतात. एवढं पक्कं केलंस की मग दिवसभर ‘नको, नको’ करावं लागत नाही.

कपड्यांना दोन खुंट्या पुरतात, तिच्या खांद्याच्या उंचीवर. कपाट उघडं टाकू नकोस. रात्री दोन जोड काढून ठेव आणि त्यातला एक तिला निवडू दे. चड्डी-पायजमा इलॅस्टिकचा असावा. शर्टाची एक युक्ती आहे, ती तुला दाखवायलाच हवी. पुढून उघडा शर्ट जमिनीवर पसर, आतली बाजू वर आणि कॉलर तिच्या पायांकडे. ती कॉलरपाशी उभी राहील, वाकेल, दोन्ही हात बाह्यांत घालेल आणि हात वर करून शर्ट डोक्यावरून मागे टाकेल. शर्ट अंगात! पहिल्यांदा जमल्यावर मुलं तो पुन्हा काढून पुन्हा घालतात. घालू दे. बटणं खालून वर लावायला शिकव, खालचं बटण डोळ्यांना दिसतं. चप्पल उलटसुलट होत असेल तर दोन्ही चपलांच्या आतल्या कडेला एकेक टिकली चिकटव. टिकल्या शेजारी शेजारी आल्या की चप्पल बरोबर.

स्वयंपाकघरात खालची एक ट्रॉली तिची कर. तिची ताटली, वाटी, चमचा आणि एक बंद डबा, त्यात लाडू किंवा खाकरा. कडक भाकरीचे तुकडे करायचं काम तिला दे. तो कडकड आवाज, हाताला लागणारा जोर, शेवटी ताटलीत साचलेला चुरा, यात ती रमून जाईल, आणि तिने मोडलेली भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून तीच संपवेल. मेथी निवडू दे, पिकलं केळं बोथट सुरीने कापू दे. शेंगांचं मात्र ऐक. आपल्या घरात शेंगदाणे सगळीकडे असतात, पण मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत अख्खा दाणा त्याच्या हाती लागू देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. शेंगाची चटणी बारीक कुटलेली असते, ती भाकरीला लावून दे.

आता आईचं. तुझी आई तिला अजून भरवते, आणि सूनबाई मनात कुढते, असं तू लिहिलंस. हे बोलणं तुझ्या बायकोवर टाकू नकोस. तिने तोंड उघडलं की ते सासू-सुनेचं भांडण होतं. तू मुलगा आहेस, तू बोल. आणि ‘तू चुकतेस’ असं म्हणू नकोस. नातीला भरवणं हे आईचं प्रेम आहे, ते काढून घ्यायचा तुला हक्क नाही. सकाळची न्याहारी लेक आपल्या हाताने खाईल, आजीने समोर बसून फक्त बघायचं आणि संपल्यावर कौतुक करायचं, असं ठरव. रात्रीचा घास आजीनेच भरवावा. तो चौरंग आणि तोटीचा डबा कुठे मांडायचा, हेही आईलाच ठरवायला सांग. आपण मांडलेल्या गोष्टीवर आजी चिडत नाही, उलट शेजारणीला बोलावून दाखवते.

सकाळी शिकवायला जाऊ नकोस. तुला कामावर जायचं असतं, घड्याळ डोक्यावर बसलेलं असतं, आणि तिला एक बाही घालायला पाच मिनिटं लागतात. संध्याकाळी किंवा रविवारी शिकव. अंगवळणी पडलेलं काम तेवढं सकाळी तिच्यावर सोड. कधी थकली असेल, आजारी असेल, नुसतीच लाडात आली असेल आणि ‘तूच घाल’ म्हणेल, तर घाल की. त्यात शिकलेलं काही पुसलं जात नाही.

खेळण्यांबद्दल फार सांगत नाही. पाच-सहा बाहेर ठेव, प्रत्येकाची जागा ठरव, बाकीची माळ्यावर टाक आणि अधूनमधून बदल. गड्ड्याच्या जत्रेतून आणलेली सगळी खेळणी एकदम पुढ्यात आली की मूल एकाशीही धड खेळत नाही. झोपायला बुटका पलंग कशाला हवा? गादी जमिनीवरच असते आपली. पांघरायला मात्र पूर्ण मापाची चादर नको, ती जड असते आणि घडी तिच्या हातात मावत नाही. छोटी गोधडी दिलीस तर सकाळी चार कोपरे जुळवत बसेल.

ते फोटो अजून मनात असतील, तर त्यांच्याऐवजी एकच वस्तू पुढे करून घे: बेसिनपाशी उभं राहायला दोन पायऱ्यांचं स्टूल. पेठेतल्या सुताराकडून लाकडाचं करून घे, पाया वरच्या पायरीपेक्षा रुंद ठेवायला सांग, आणि पायांना खाली रबर लाव. ओल्या शहाबादी फरशीवर प्लॅस्टिकचं स्टूल सरकतं.

डबा, खुंट्या, नॅपकिन या गोष्टींना रविवार उजाडला तरी चालेल. टाकीच्या झाकणाचं कुलूप मात्र आज घरी जातानाच घेऊन जा.

तुझ्या
बालवाडीच्या बाई