‘आई, तू नुसती बस’ म्हणणं थांबवा

चार महिन्यांपूर्वी ७४ वर्षांच्या आईला साताऱ्याहून न्यू जर्सीला आणलंत. ‘तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही, तरी ती कोमेजत चालली आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते त्यातला ‘तरी’ चुकला. काही करू देत नाही, म्हणूनच त्या कोमेजताहेत.

गावाकडचा त्यांचा दिवस आठवा. दुधासाठी जिना उतरायचा, मंडईत घासाघीस करायची, देवळापर्यंत चालत जायचं, संध्याकाळी कट्ट्यावर मैत्रिणी. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं इतकंच. तुमच्याकडे दारात गाडी आणि दिवसभर सोफा. या वयात न वापरलेले स्नायू झपाट्याने उतरतात, मग तोल जातो, आणि एकदा पडल्यावर माणूस भीतीने आणखीच बसून राहतो.

६५ वर्षांपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा भरभर चालावं, दोन दिवस ताकदीचे आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी सुरुवात सोपी आहे: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, आणि ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं.

ताटाकडेही बघा. म्हातारपणी वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला रोज ५५ ते ६६ ग्रॅम. वाटीभर वरणाने ते भागत नाही. दही, पनीर, मोडाची उसळ, चालत असेल तर अंडं, हे दोन्ही वेळच्या जेवणात हवं. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.) आई शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात, तेव्हा रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्याच; या दोन्हींमुळे ते कमी पडू शकतं.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्या टीव्ही मोठ्याने लावतात आणि पाहुणे आले की गप्प होतात. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. त्यांचे कान तपासा, याच महिन्यात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर उपाय करता येतो अशा १४ गोष्टी सांगितल्या. कमी ऐकू येणं त्यांत आहे, एकटेपणाही आहे. ऐकू न येणारा माणूस भरल्या घरातही एकटा पडतो.

आणि त्यांना खरं काम द्या, मन रमवायला दिलेलं खोटं नको. त्यांनी केलं नाही तर घराचं अडेल असं एखादं: रोजची कणीक, नातीचं मराठी वाचन.

घराची किल्लीही द्या. पत्ता आणि तुमचा नंबर लिहिलेला कागद पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवा. आठ दिवस कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत सोबत जा. नवव्या दिवशी एकट्यांना जाऊ द्या. तुम्ही खिडकीत उभे राहिलात तरी चालेल.