वेव्ह हिलचा ‘वॉक-ऑफ’: सभात्याग, संप की बिऱ्हाड?

प्रश्न असा: ऑस्ट्रेलियातले आदिवासी नेते व्हिन्सेंट लिंगियारी यांच्याबद्दल मराठीत लिहिताना ‘वेव्ह हिल वॉक-ऑफ’ला, म्हणजे १९६६ साली वेव्ह हिल या गुरांच्या वाडीवरचे आदिवासी मजूर काम सोडून निघून गेले त्या घटनेला, ‘सभात्याग’ म्हणावे का?

अजिबात नको. सभात्याग आमदारांचा. पायऱ्यांवर घोषणा दिल्या की पुन्हा आत. वेव्ह हिलचे लोक पुन्हा त्या कामावर गेले नाहीत.

‘संप’ बराच जवळचा. वेस्टी या ब्रिटिश कंपनीच्या गुरांच्या त्या अवाढव्य वाडीवर गुरिंजी या आदिवासी जमातीचे गुराखी राबायचे ते पीठ, चहा, साखर, मांस आणि हातावर टेकवलेल्या चार पैशांवर. लिंगियारी त्यांचे मुकादम. २३ ऑगस्ट १९६६ रोजी सुमारे दोनशे जण निघाले, तेव्हा मागणी मजुरीची आणि बऱ्या वागणुकीची होती. पण पुढच्या वर्षी त्यांनी वॅटी क्रीकला, म्हणजे डागुरागूला, तळ ठोकला आणि ही जमीन आमचीच आहे, ती परत द्या, असा अर्ज थेट गव्हर्नर जनरलकडे केला. अर्ज फेटाळला गेला, माणसे हलली नाहीत. इथे ‘संप’ अपुरा पडतो. मजुरी वाढली की संप मिटतो. हा मिटला नसता.

आपल्याकडचा ‘बिऱ्हाड मोर्चा’ मला सर्वांत जुळणारा वाटतो, कारण बायकापोरे आणि अंथरूण-पांघरूण घेऊनच ते निघाले होते. खोट एकच: बिऱ्हाड दुसऱ्याच्या दारी थाटतात. हे आपल्याच भुईवर गेले. ‘परागंदा’ही त्याच कारणाने बाद.

तेव्हा मथळ्यात ‘वेव्ह हिलचा संप’, मजकुरात ‘काम सोडून बिऱ्हाडासह निघाले’ आणि डागुरागूसाठी ‘ठिय्या’ असे लिहावे.

जाता जाता, १६ ऑगस्ट १९७५ बद्दल ‘जमिनीची मालकी दिली’ असे सर्रास लिहिले जाते, तेही टाळा. पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगियारींच्या ओंजळीत माती ओतली खरी (मर्विन बिशप यांचा तो प्रसिद्ध फोटो; आधी सावलीत झालेला प्रसंग त्यांनी उन्हात पुन्हा करायला लावला), पण सोबतचा कागद भाडेपट्ट्याचा होता. मालकी मिळायला १९८६ उजाडले. म्हणून ‘पट्ट्याने दिली’ हेच बरोबर.