आठवडाभरापासून कंबर दुखतेय. इथे अमेरिकेत कायरोप्रॅक्टरने (हाताने मणका दाबून उपचार करणाऱ्याने) पहिल्याच भेटीत पूर्ण मणक्याचा एक्स-रे आणि 'नर्व्ह स्कॅन' सांगितलाय. करावा का?

आठवडाभराच्या साध्या कंबरदुखीला दोन्हींची गरज नाही, सरळ नको म्हणा. एक्स-रेबद्दल तर हे मी नाही, त्यांचीच संघटना म्हणते: अमेरिकन कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने २०१७ मध्येच सांगितलंय की धोक्याची लक्षणं नसतील तर पहिले ६ आठवडे एक्स-रे वगैरे काढू नयेत. काढला की काही ना काही सापडतंच. २०१५ च्या एका आढाव्यात अजिबात दुखणं नसलेल्यांच्या मणक्याचे सीटी-एमआरआय तपासले, तर २० वर्षांच्या ३७ टक्के आणि ८० वर्षांच्या ९६ टक्के लोकांत मणक्यांमधल्या चकतीची झीज दिसली. म्हणजे रिपोर्टमधली झीज हेच तुमच्या दुखण्याचं कारण, असं नाही.

'नर्व्ह स्कॅन' हे नाव मात्र भारदस्त आहे. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी सेन्सर लावतात आणि पडद्यावर लाल-पिवळे पट्टे उमटतात. ते मोजतात त्वचेचं तापमान किंवा पाठीच्या स्नायूंतली विद्युत हालचाल. दबलेली नस त्यात दिसत नाही. जरा वाकडं उभं राहिलात किंवा खोली गार असली तरी आकडे बदलतात. लाल पट्टे दाखवून महिनोन्महिन्यांचं पॅकेज पुढे केलं तर उठून यावं.

कुठे पडलात किंवा अपघात झालाय, ताप आहे, कारण नसताना वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर होता, तर तपासणी लांबवू नका, पण ती डॉक्टरकडे. जांघेत बधिरपणा, पायातली ताकद कमी होणं किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यात थेट इमर्जन्सी गाठा.