वारलेल्या सहकाऱ्याला 'वर्क अ‍ॅनिव्हर्सरी'च्या शुभेच्छा द्या, असं लिंक्डइन अजून सुचवतं. त्यांचं प्रोफाइल रिपोर्ट करावं का?

करा, पण त्याआधी त्यांच्या घरी एक फोन करा. लिंक्डइनच्या बाबतीत एकवेळ चालून जाईल, फेसबुकवरही त्यांचं खातं असेल तर मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत पर्चेसला आहे. आमचे स्टोअरचे काका 2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. संगणक स्टॉक शून्य दाखवायचा आणि काका म्हणायचे, "थांब, दोन पेट्या मागं ठेवल्यात." खरंच असायच्या. ऑडिटवाले यावरून डोकं धरून बसायचे, पण लाइन कधी थांबली नाही. लिंक्डइनवर त्यांचा खंडेनवमीचा फोटो होता: कपाळाला गंध, मागे झेंडूची माळ घातलेलं लेथ मशीन. ते गेल्यावरही त्यांच्या जुन्या पोस्टखाली 'काँग्रॅट्स सर' येत राहिलं. एका व्हेंडरनं तर कमेंटमध्येच लिहिलं, "सर, आमचं पेमेंट अडकलंय, जरा बघा ना." काका असते तर त्यालाही "अकाउंट्सला विचार" म्हणून वाटेला लावलं असतं.

आमच्यातला एकजण पेपरातल्या निधनवार्तेचं कात्रण जोडून फेसबुकला कळवायला निघाला होता. हेतू चांगलाच होता. पण फेसबुकवर खातं एकदा स्मरणार्थ म्हणून नोंदलं गेलं की पासवर्ड माहीत असला तरी कुणालाच त्यात लॉगिन करता येत नाही. 2015 पासून तिथे 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्या पश्चात खातं सांभाळणारा माणूस, नेमायची सोय आहे, पण तो माणसानं स्वतः हयातीत नेमावा लागतो (आपल्यापैकी किती जणांनी नेमलाय?). शिवाय त्यालाही मेसेज वाचता येत नाहीत. फोटो बदलणं, एखादी पोस्ट वर पिन करणं, फ्रेंड रिक्वेस्ट बघणं, खातं काढून टाकायची विनंती करणं, असंच काय ते त्याच्या हातात. काकांचं खातं त्यांच्या फोनवर उघडंच होतं, फोन काकूंकडे होता, आणि गावच्या घराचे, नातीच्या बारशाचे फोटो मेसेंजरमध्येच पडून होते. मी मुलाला फोन केला. त्यानं आधी सगळं उतरवून घेतलं आणि मग स्वतःच अर्ज केला. असं खातं उघडणं कंपनीच्या नियमात कितपत बसतं हा वेगळा वाद आहे. पण त्या गडबडीत कात्रण गेलं असतं तर काकूंच्या हाती काही लागलं नसतं.

लिंक्डइनवर खासगी असं फारसं नसतं. ही व्यक्ती आता हयात नाही, एवढं सहकाऱ्यालाही कळवता येतं. त्यासाठी फॉर्म आहे, प्रोफाइलची लिंक आणि निधनाची माहिती हाताशी ठेवा. खातं कायमचं बंद करायचं असेल तर मात्र मृत्यूचा दाखला आणि कायदेशीर अधिकाराचे कागद लागतात, ते घरच्यांचं काम. माझं विचाराल तर बंद करायला लावूच नका. काकांच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी तिथे त्यांच्याबद्दल जे लिहिलंय, ते दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी घाई मोबाइल नंबरची असते. रिचार्ज थांबला की नंबर बंद पडतो, आणि बंद झाल्यावर किमान 90 दिवसांनी तो दुसऱ्या कुणाला तरी दिला जाऊ शकतो. बँक, गॅस, पीएफ यांचे ओटीपी त्याच नंबरवर येत असतील तर ते बदलून होईपर्यंत रिचार्ज चालू ठेवायला घरच्यांना सांगा. दुःखाच्या दिवसांत हे कुणाच्या डोक्यात येत नाही. ऑफिसच्या ग्रुपमधून मात्र तो नंबर अ‍ॅडमिनला काढायला सांगा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आणि त्यांना कनेक्शनमधून काढलं तर बरं दिसेल का, असंही तुम्ही विचारलंय. नोटिफिकेशननं त्रास होत असेल तर खुशाल काढा. त्याची सूचना कुणाला जात नाही, आणि त्यांच्या घरी जाणं-येणं काही लिंक्डइनवर अवलंबून नाही.