वाचकांचे प्रश्न: नॅशनल पार्कातला निसर्ग नक्की कुणी ठरवायचा?

प्रश्न: नॅशनल पार्क म्हणजे जंगल आहे तसं सोडून द्यायचं ना? मग तिथलेच अधिकारी मुद्दाम आग लावतात, बाहेरून प्राणी आणून सोडतात, कधी कधी गोळ्याही घालतात, हे काय? निसर्ग आपला आपण सावरतो असं मला वाटतं.

उत्तर: असं बहुतेक सगळ्यांनाच वाटतं. पण खरं सांगायचं तर "आहे तसं" कुठल्याच पार्कात कधी सोडलेलं नव्हतं. जगातलं पहिलं नॅशनल पार्क अमेरिकेतलं यलोस्टोन, १८७२ चं. कायद्यात लिहिलं होतं की हे लोकांच्या फायद्यासाठी आणि आनंदासाठी. इकोसिस्टिम वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हतं, गरम पाण्याचे फवारे आणि धबधबे वाचवायचे होते. मग लोकांना बघायला आवडतात ते प्राणी चांगले आणि बाकीचे वाईट असा हिशोब सुरू झाला, एल्क हरणं चांगली, लांडगे वाईट, आणि पार्कच्याच माणसांनी लांडगे मारत मारत १९२६ पर्यंत संपवून टाकले. अस्वलं लोकांना आवडायची, तर हॉटेलांचं खरकटं एका जागी आणून टाकायचे, समोर लाकडी बाकांच्या रांगा, त्यावर टुरिस्ट बसलेले, रेंजर घोड्यावरून अस्वलांची माहिती सांगतोय आणि त्याच्या मागे ग्रिझली खरकटं चिवडतायत. लपूनछपून नाही बरं का, पार्कचा अधिकृत कार्यक्रम होता हा!

लांडगे गेल्यावर एल्क इतके वाढले की १९६१-६२ च्या एका हिवाळ्यात रेंजरनी चार हजारांवर एल्क गोळ्या घालून मारले. लोक भडकले, सरकारने कमिटी नेमली, प्राणिशास्त्रज्ञ स्टार्कर लिओपोल्ड तिचे अध्यक्ष होते आणि १९६३ मध्ये त्यांचा रिपोर्ट आला. त्यात म्हटलं होतं की एकेक प्राणी सुटासुटा सांभाळत बसू नका, सगळं मिळून जे चालतं ते सांभाळा, आणि त्यासाठी हात घालावा लागला तर घाला. माझ्या मते पार्कांच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच. अर्थात त्याच रिपोर्टात असंही होतं की गोरी माणसं पहिल्यांदा आली तेव्हा जसं होतं तसं पार्क दिसलं पाहिजे, म्हणजे काळ तिथेच थांबवायचा, आणि आधी हजारो वर्षं तिथे राहणाऱ्या माणसांनी त्या जंगलात काय काय केलं होतं ते मोजायचंच नाही. ते पुढच्या एका प्रश्नात येतंच आहे.

आगीचं म्हणाल तर कॅलिफोर्नियातली सेक्वोयाची झाडं बघा. दोन-तीन हजार वर्षं जगणारं झाड, बुंध्याशी साल दोन फुटांपर्यंत जाड, साधा वणवा त्याला काही करत नाही. त्याची शंकूसारखी फळं हिरवी, घट्ट मिटलेली, वर्षानुवर्षं फांदीवरच असतात. खालून आगीची धग वर गेली की ती वाळतात, उघडतात आणि बारीक चपटं बी खाली पडतं. खाली पाचोळ्याचा थर असला तर त्या बियाचं काही खरं नाही, आगीने साफ केलेली उघडी माती मिळाली तरच ते नीट रुजतं. आता पार्कवाल्यांनी पन्नास-साठ वर्षं इमानेइतबारे प्रत्येक आग विझवली. त्यांना वाटत होतं आपण झाडं वाचवतोय! नवी रोपं दिसेनाशी झाली, मोठ्या झाडांखाली फर जातीच्या झाडांची दाटी झाली, तेव्हा कुठे लक्षात आलं आणि १९६८ पासून तिथल्या सेक्वोया-किंग्ज कॅनियन पार्कात ठरवून छोट्या आगी लावायला सुरुवात झाली. पण साठलेलं जळण फार होतं, वर दुष्काळ आणि वाढलेली उष्णता, त्यामुळे २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के गेली. तर हात न लावणं हाही निर्णयच असतो आणि त्याचेही परिणाम होतात, फक्त ते उशिरा दिसतात म्हणून जबाबदारी कुणाची ते कुणी विचारत नाही.

प्रश्न: यलोस्टोनमध्ये लांडगे परत आणले आणि सगळं जंगल सुधारलं, नद्यांचे प्रवाहसुद्धा बदलले असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर: अर्धं खरं आहे. १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले, ते टिकले, वाढले, आणि ही फार मोठी गोष्ट आहे. उत्तरेकडच्या कळपातले एल्क सुमारे १९ हजारांवरून चार हजारांच्या आसपास उतरले, पण त्यात अस्वलं, प्यूमा (तिथली मोठी रानमांजरं) आणि पार्कबाहेरची शिकार यांचाही वाटा आहे, सगळं श्रेय एकट्या लांडग्यांना देता येत नाही. नद्यांचं म्हणाल तर लांडगे नसताना एल्कनी ओढ्याकाठची विलोची झुडपं खाऊन टाकली, झुडपं गेली म्हणून बीव्हर, म्हणजे फांद्या रचून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी, गेले, त्यांचे बांध गेले, ओढे खोल खोल कापत गेले आणि जमिनीतलं पाणी खाली गेलं. आता लांडगे आले तरी पाणी खालीच आहे ना, मग झुडपं वाढणार कशी? तिथे वीस वर्षं प्रयोग चालला, काही ठिकाणी कुंपण घालून एल्क अडवले, काही ठिकाणी बीव्हरसारखे बांध घातले, आणि दिसलं असं की पाणी वर आल्याशिवाय विलो पूर्वीसारखे होत नाहीत. काही ओढ्यांवर सुधारणा आहे, सगळीकडे नाही. म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं की एखादा प्राणी संपवायच्या आधीच थांबा, परत आणल्यावर सगळं जागेवर येईल या भरवशावर राहू नका.

प्रश्न: माणसं आणि गुरं बाहेर काढल्याशिवाय वन्यजीव वाचणार नाहीत असं मला वाटतं. चुकीचं आहे का?

उत्तर: सरसकट लावलं तर हो, चुकीचं आहे. भरतपूरचं केवलादेव घ्या. ते पाणथळ मुळात तिथल्या राजांनी बांध घालून, पाणी फिरवून बदकांच्या शिकारीसाठी तयार केलेलं. १९८१ मध्ये नॅशनल पार्क झालं, पुढच्या वर्षी म्हशी आणायला बंदी आली, विरोध झाला, गोळीबार झाला, गावकरी मेले. आणि त्यानंतर गवत असं माजलं की उथळ पाणी झाकून गेलं, बदकांना मोकळं पाणीच मिळेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून पुढे आलं की ते गवत इतकी वर्षं म्हशींनीच ताब्यात ठेवलं होतं. नंतर गावकऱ्यांना गवत कापायला आत सोडलं, पण गेलेली माणसं काही परत येत नाहीत.

अमेरिकेतल्या योसेमिटी पार्कच्या दरीतही तेच, तिथले मूळ रहिवासी, अवानीची नावाचे लोक, ठरवून कुरणं जाळायचे म्हणून ती मोकळी राहायची, लोकांना हुसकावलं आणि कुरणांत झाडं घुसली, आणि त्याच मोकळ्या कुरणांना पाहून बाहेरून आलेले लोक "अस्पर्श निसर्ग" म्हणत होते.

चांगलं उदाहरणही आहे. दक्षिण आफ्रिकेत मकुलेके लोकांना १९६९ मध्ये क्रुगर पार्कसाठी घरातून काढलं, १९९८ मध्ये त्यांना जमीन परत मिळाली, आणि त्यांनी ती पार्कातच ठेवली, आता टुरिझमचं उत्पन्न त्यांना मिळतं. याचा अर्थ सगळीकडे गेट उघडून द्या असा नाही. काही जागा खरंच शांत लागतात. पण शिंगासाठी गेंडा मारायला येणारा आणि पिढ्यानपिढ्या गुरं चारणारा यांना एकाच मापाने मोजलं की अन्यायही होतो आणि जंगलाचंही नुकसान होतं.

प्रश्न: हवामानच बदलतंय तर पार्कात जुनं सगळं टिकवण्याचा हट्ट कशाला?

उत्तर: जुनं चित्र टिकवायचा हट्ट सोडावाच लागणार, २०१२ मध्ये अमेरिकन पार्क सर्व्हिसच्याच रिपोर्टाने हे मान्य केलं, की बदल होतच राहणार हे धरून सांभाळा. पण त्याचा अर्थ हात झटकणं नव्हे. अमेरिकेतल्या सुपीरियर तलावात आइल रॉयल नावाचं बेट आहे, तेही पार्कच, त्या बेटावर लांडगे पूर्वी गोठलेल्या पाण्यावरून चालत यायचे. बर्फाचा पूल होणं कमी झालं, नवीन लांडगे येईनात, नात्यातल्या नात्यात पिल्लं होत गेली आणि २०१६ ला दोनच उरले, एक बाप आणि एक लेक. इकडे मूस हरणं वाढून बेटावरची फरची झाडं खात सुटली. हात लावायचा की नाही यावर खूप वाद झाला, शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणले. मला ते बरोबर वाटतं, कारण बर्फ कमी होण्यात आपला हात आहे. त्यांना पिल्लं झालीत, मूसही उतरलेत, पण पूल पुन्हा होत नसेल तर काही वर्षांनी नवं रक्त परत बाहेरूनच आणावं लागेल, आणि त्याचे पैसे, परवानग्या, माणसं यांची सोय आत्तापासून करून ठेवायला हवी.