वाचकांचे प्रश्न : अन्नातली ॲलर्जी आणि किचनमधली माणसं

प्रश्न : नव्या माणसाला आम्ही स्वच्छतेचं प्रशिक्षण देतोच. मग ॲलर्जीचं वेगळं कशाला? किचन स्वच्छ असलं की झालं ना?

उत्तर : नाही होत. स्वच्छतेच्या प्रशिक्षणात आपण जंतू मारायला शिकवतो. ॲलर्जी घडवणारा घटक म्हणजे ॲलर्जेन हे बहुतेक वेळा प्रथिन असतं, आणि प्रथिनात मरण्यासारखं काही नसतंच. ते उकळलं, भाजलं, तळलं तरी त्रास देण्याइतकं शिल्लक राहतं. ते जागेवरून काढूनच टाकावं लागतं. अल्कोहोलचं सॅनिटायझर हाताला चोळलं तर जंतू मरतील, पण शेंगदाण्याचं प्रथिन फक्त बोटावरून तळहातावर जाईल. ते निघतं साबण आणि वाहत्या पाण्यानेच. तळणीच्या तेलाचंही तसंच. कोळंबी तळलेल्या तेलात बटाटे टाकले की कोळंबीचं प्रथिन बटाट्यांना लागतं, तेल कितीही कडक तापलेलं असो. ‘एवढ्या आचेत काय उरणार’ ही समजूत पहिल्याच दिवशी काढून टाकायची.

प्रश्न : दर वर्षी तासभर व्याख्यान ठेवतो, सगळे सह्या करतात, आठवड्याने कुणाला काही आठवत नाही. काय चुकतंय?

उत्तर : बहुधा त्या तासात ॲलर्जेनची यादी पाठ करून घेतली जाते. यादी लागतेच: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम-अक्रोडासारखा सुका मेवा, गहू आणि सोयाबीन. अमेरिकेत 2023 पासून तीळही लेबलवर लिहिणं सक्तीचं आहे, आणि युरोपीय संघाची यादी मोहरी, सेलरी वगैरे धरून 14 घटकांची आहे. तुमच्या देशाची यादी भिंतीवर लावा आणि तास हाताने करायच्या कामाला द्या.

कोठारातली पंधरा-वीस पाकिटं टेबलावर मांडा आणि प्रत्येकाला घटकांची बारीक छपाई वाचायला लावा. केसीन आणि व्हे म्हणजे दूध, ताहिनी म्हणजे तीळ, मार्झिपॅन म्हणजे बदाम. सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो आणि वूस्टर सॉसमध्ये सहसा मासे. वर्षानुवर्षं ती बाटली हाताळणाराही इथे चमकतो, आणि चमकून कळलेलं विसरत नाही.

दुसरा प्रयोग : अतिनील दिव्यात चमकणारी पावडर एकाच उलथण्याच्या मुठीला लावा, वीस मिनिटं नेहमीसारखं काम होऊ द्या, मग दिवे घालवून दिवा फिरवा. फ्रिजची मूठ, नळ, ऑर्डर लिहायचं पेन, एप्रनची डावी बाजू, सगळं चमकतं. फडकं सर्वांत जास्त. प्रयोगानंतर ती भांडी आणि पृष्ठभाग धुतल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही.

प्रशिक्षणाच्या वेळेचं म्हणाल, तर अन्नाला हात लावण्याआधी एकदा, मग दर वर्षी, आणि पाककृती किंवा पुरवठादार बदलला की त्याच दिवशी. पुरवठादार बदलणं हीच खरी चोरवाट. पाकीट जुन्यासारखंच दिसतं, घटक मात्र बदललेले असतात आणि कुठल्या पदार्थात कुठला ॲलर्जेन आहे ते सांगणारा किचनमधला तक्ता जुनाच राहतो.

प्रश्न : बेकरीत एकाच मिक्सरवर बदामाचा आणि साधा केक होतो. मधे कसं धुवायचं? तपासणीच्या पट्ट्यांवर विसंबता येतं का?

उत्तर : धुण्याआधी क्रम ठरवा. साधा केक पहाटे पहिला, बदामाचा शेवटी. यानेच निम्मं काम होतं.

मग धुणं. आधी कोरडंच खरवडून चिकटलेलं पीठ काढा. नंतर डिटर्जंट आणि गरम पाण्याने घासा, स्वच्छ पाण्याने खळाळून घ्या, नव्या फडक्याने किंवा कागदाने पुसा. जंतुनाशक यानंतर. फटकणी सुटी करून तिचा दांडा बसतो ती खोबण आणि भांड्याच्या वरचं झाकण पाहा. पीठ तिथेच साचतं. दाबाच्या हवेने झटकू नका, धूळ उडून शेजारच्या ट्रेवर बसते. लाकडी पाट आणि चरे पडलेले प्लॅस्टिकचे पाट धुऊन भागत नाहीत, ते वेगळेच ठेवा.

पट्ट्या उपयोगी आहेत, पण प्रत्येक पट्टी एकाच प्रथिनासाठी असते: बदामाची पट्टी दुधाबद्दल काही सांगत नाही. नमुन्यात ॲलर्जेन फारच जास्त असेल तर पट्टी उलट ‘नाही’ दाखवू शकते. म्हणून जिथे उघडच काही चिकटलेलं दिसतंय तिथे पट्टी लावायचीच नाही, आधी धुवायचं. स्वच्छता मोजणारं एटीपीचं यंत्र मात्र या कामाचं नाही. ते ॲलर्जेन ओळखत नाही.

प्रश्न : ग्राहक म्हणतो, ‘मला काजूची ॲलर्जी आहे.’ वेटरने काय बोलावं?

उत्तर : ‘विचारून सांगतो.’ अंदाजाने दिलेलं ‘नाही हो, नसतात’ हे सर्वांत घातक. वेटरने ऑर्डरवर ॲलर्जी वेगळी, ठळक लिहायची, शेफला तोंडीही सांगायची, शेफने लेबल किंवा तक्ता पाहून उत्तर द्यायचं आणि तेच ग्राहकापर्यंत जायचं. पदार्थ धुतलेल्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने करून वेगळ्या ताटलीत, इतर ताटल्यांपासून दूर, एकाच माणसाने नेऊन द्यायचा. वर पेरलेले काजू वेचून तीच ताटली परत पाठवणं म्हणजे काहीच न केल्यासारखं. खात्री देता येत नसेल तर ‘हे आम्ही देऊ शकत नाही’ असं सांगा. ग्राहक नाराज झाला तरी चालेल.

प्रश्न : जेवता जेवता कुणाला रिॲक्शन आली तर?

उत्तर : ओठ-जीभ सुजणं, अंगावर गांधी, घशात घरघर, आवाज बसणं, धाप, उलट्या, चक्कर. यांपैकी श्वासाचं किंवा चक्करचं लक्षण दिसलं की वाट पाहायची नाही. गांधी उठल्याच पाहिजेत असंही नाही. ग्राहकाकडे ॲड्रिनलिनचं पेन (पेनासारखं तयार इंजेक्शन) असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, गरज पडल्यास कपड्यावरूनच टोचायचं. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवायची आणि ‘ॲनाफिलॅक्सिस’ (ॲलर्जीचा जिवावर बेतणारा झटका) हा शब्द सांगायचा. माणसाला आडवं झोपवून पाय उंच करा. धाप लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, पण उभं करू नका, चालवत बाहेर तर मुळीच नेऊ नका. रक्तदाब अचानक कोसळतो. पाच मिनिटांत फरक नसेल आणि दुसरं पेन असेल तर तेही द्या. ॲलर्जीची गोळी या इंजेक्शनच्या जागी चालत नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात जायलाच हवं, कारण काही तासांनी त्रास पुन्हा उसळू शकतो. उरलेलं अन्न आणि पाकीट फेकू नका.

प्रश्न : हातमोजे घातले की पुरे ना?

उत्तर : मोजा हातासारखाच माखतो, आणि घालणाऱ्याला ते जाणवत नाही एवढाच फरक. हात धुवा, नवीन जोडी घाला, मग तो पदार्थ हातात घ्या.